डोक्यावरून जप्त केलेली अठरा पाने

सरकारी पत्राला टाचणीनं टोचलेलं ते कात्रण वीतभरच होतं, पण सेवकराम लांजेवारनं ते रजिस्टराआड धरून तीनदा वाचलं.

मथळा: 'कुरळ्या केसांच्या मैत्रिणींसाठी'. खाली नाव: मैनाताई. पत्र वरच्या कचेरीचं, १९७९ सालच्या जानेवारीतलं. भाषा अशी:

"सोबतच्या कात्रणातील मजकुरामुळे हंगाम नसताना तेंदूची पाने तोडण्यास महिला वर्गास चिथावणी मिळत असल्याचे दिसून येते. तेंदूपाने ही शासनाच्या ताब्यातील बाब आहे. सदर मैनाताई कोण, कोठील, तिचा हेतू काय, याची चौकशी करून पंधरा दिवसांत अहवाल पाठवावा."

आणि कोपऱ्यात साहेबांच्या लाल शाईत: "श्री. लांजेवार. जातीने लक्ष घाला."

सेवकराम भंडाऱ्यात जंगल खात्याच्या एका कचेरीत बाबू होता. अकरा वर्षं तेंदूचं, म्हणजे बिडीच्या पानांचं, टेबल त्याच्याकडेच होतं, त्यामुळे चौकशी त्याच्याकडे येणं रीतसर होतं. अडचण एकच होती. ती वाचकापासून लपवण्यात अर्थ नाही, कारण लपवण्याचं काम या गोष्टीत सेवकराम एकटा भरपूर करतो.

मैनाताई म्हणजे सेवकरामच.

मैनाताईचा जन्म

सेवकराम कवी होता. म्हणजे कविता करायचा आणि त्या धनीरामकडे नेऊन द्यायचा. धनीराम हा साप्ताहिक 'दवंडी'चा मालक, संपादक, छपाईचे खिळे जुळवणारा आणि गठ्ठे बांधून सायकलवर वाटणाराही. चौदा आठवडे सेवकराम कविता देत होता आणि चौदा आठवडे त्या जागी बैलांच्या गोळ्यांची जाहिरात येत होती.

"कविता छापतोच जी," धनीराम म्हणाला. "पण पयले मले बायांसाठी काही लिहून द्या. ओठ, केस, असं. नागपूरच्या पेपरात येते, आपल्यात काहून नाही यावं?"

"मी? बायांसाठी?"

"मंग मी लिहू? तुमच्या घरी एक तरी बाई हाये. माह्या घरी आरसाही नाही."

सरकारी नोकरानं परवानगीशिवाय पेपरात लिहायचं नाही असा नियम. आणि परवानगीच्या अर्जात 'लेखनाचा विषय: ओठ' असं लिहायची सेवकरामची छाती नव्हती. म्हणून नाव मैनाताई. पहिल्या आठवड्याचा मजकूर त्यानं कचेरीतच, जेवणाच्या सुट्टीत, तेंदूच्या रजिस्टराखाली कागद ठेवून लिहिला. थोडा मजकूर न्हाव्याच्या दुकानातल्या फाटक्या मासिकातला, थोडा आईच्या तोंडचा, उरलेला स्वतःच्या ओठांवर करून पाहिलेला:

"थंडीत ओठ फुटले की आपण काय करतो? जिभेने चाटतो. मैत्रिणींनो, ही जीभ आवरा. चाटलेला ओठ घटकाभर ओला राहतो आणि मग दुप्पट फुटतो. साल निघाली तर दाताने ओढू नका. झोपताना बोटभर लोणी चोळा. दिवसा मधाच्या पोळ्याचे मेण खोबरेलात विरघळवून लावा."

कविता छापून आली नाही. मैनाताई मात्र चालली. कारध्याच्या गोदावरीबाईचं पत्र आलं: "ताई, लोण्यानं ओठ बरे झाले, पण मांजर आता तोंड सोडत नाही. मांजरीसाठी उपाय कळवावा." शहापुरातून एका वेळी सहा पत्रं आली. धनीरामनं गठ्ठे वाढवले. चौदा आठवडे नदी, चंद्र आणि माणसाचं एकाकीपण यांवर लिहून जे झालं नव्हतं, ते लोण्यानं झालं. या गोष्टीचं सेवकरामला जे दुःख झालं, त्यावर त्यानं एक कविता केली. तीही छापून आली नाही.

कात्रणात काय होतं

आता ते कात्रण. मासिकात लिहिलं होतं, कुरळ्या केसांना तेल थापून दाबू नये, ओले असतानाच कागदी नळ्यांवर गुंडाळावे. इकडच्या बाया कागदी नळ्या कुठून आणणार? सेवकराम विचार करत बसला. समोर तेंदूचं रजिस्टर, भिंतीवर तेंदूचा नकाशा, खिडकीत तेंदूच्या पानांचा नमुना. माणसाला सुचायचं ते सुचलं.

"तेंदूचे कोवळे पान भिजवून त्याची बोटाएवढी सुरळी करावी. जवस उकळून निघालेला चिकट रस केसांना लावावा. एकेक बट सुरळीवर गुंडाळून बिडीच्या सुताने बांधावी. उन्हात बसावे. पूर्ण वाळल्यावर सोडावी आणि फणी अजिबात लावू नये."

उपाय चांगला होता. इतका चांगला, की लिहून झाल्यावर त्यानं आपल्या राठ, सरळ केसांवरून हात फिरवला आणि त्याला थोडं वाईट वाटलं. फक्त एक शब्द जास्तीचा पडला: कोवळे. कोवळं पान झाडावर असतं, झाड जंगलात असतं, जंगल सरकारचं असतं. ही गोष्ट भंडाऱ्यात दुसऱ्या कोणाला नसेल इतकी सेवकरामला माहीत होती. पण लिहीत होती मैनाताई. तिला कुठं नियम माहीत?

भीती, जशी आली तशी

नोकरी जाईल. नोकरी नाही गेली तर बदली होईल, अशा ठिकाणी जिथं वाघ हजेरी घेतो. बदली नाही झाली तर नाव होईल: बाईच्या नावानं लिहिणारा बाबू. चहाच्या टपरीवर लोक त्याला आपले ओठ दाखवतील.

या तीन भीती त्यानं सहन केल्या असत्या. चौथी घरी होती.

निर्मलाबाईचे केस कुरळे होते. अगदी दाट, एकमेकांत अडकलेले, फणीचे दात मोडणारे. बारा वर्षांपूर्वी ती लग्न होऊन आली, तेव्हा सेवकरामच्या आत्यानं उंबऱ्यातच म्हटलं, "पोरगी बरी हाये, पण झिपरी हाये." तेव्हापासून निर्मलाबाईनं ते केस तेलात बुडवले, ओल्या फडक्यानं दाबले, पदराखाली कोंबले. घराबाहेर तिचं डोकं कोणी पाहिलं नव्हतं. सेवकरामनं पाहिलं होतं, पण त्यावर तो कधी काही बोलला नव्हता. वाईटही नाही, चांगलंही नाही. आपण वाईट बोलत नाही, म्हणजे आपलं सगळं बरोबर चाललं आहे, अशी त्याची समजूत होती.

आणि आता दर गुरुवारी निर्मलाबाई अंगणात 'दवंडी' मोठ्यानं वाचून दाखवायची. ऐकायला शेजारची कौशल्याबाई, मांडीवर सूप घेऊन बिड्या वळता वळता.

"हे बाई मोठी सोसलेली दिसते," कौशल्याबाई म्हणायची.

"माह्या मनातलं लिवते व ते. जशी माह्या बाजूलेच बसून हाये."

"नवरा नसन तिले. असता त इतकं सुचलं असतं का?"

"असन त मोठ्या मनाचा असन. आपल्या घरच्यासारखा नसन."

आत सेवकराम भाकरीचा घास हातात धरून बसलेला असायचा. आपला अपमान झाला की कौतुक, हे त्याला ठरवता यायचं नाही. पण एक गोष्ट त्याला कळली होती. निर्मलाबाईला बारा वर्षांत पहिल्यांदा एक जिवाभावाची मैत्रीण मिळाली होती. चौकशी पूर्ण झाली की ती मैत्रीण मरणार होती, आणि तिच्या जागी सेवकराम निघणार होता.

साहेब

साहेब बाहेरगावचे, बोलणं नीटनेटकं. त्यांनी बोलावलं तेव्हा सेवकरामनं पहिल्यांदा त्यांच्या ओठांकडे पाहिलं. ओठ चकचकत होते.

"लांजेवार, ही मैनाताई मला हवी आहे."

"हो साहेब."

"बाई हुशार आहे. उपाय खरे आहेत, म्हणूनच धोकादायक आहे. उद्या जिल्ह्यातल्या सगळ्या बायका जंगलात घुसल्या तर?" त्यांनी खिशातून छोटी डबी काढून ओठांना बोट लावलं. मेण आणि खोबरेल. "आणि तुमच्या ओठांना काय झालंय?"

सेवकराम ओठ चाटत होता. पत्र आल्यापासून तो दिवसभर ओठ चाटत होता. खालचा ओठ मधोमध चिरला होता.

"चाटू नका हो! दुप्पट फुटतो," साहेब म्हणाले. "मैनाताईनं लिहिलंय."

कचेरीतला शिपाई म्हणाला, बाबू, बेंबीत तेल घाला. न्हावी म्हणाला, बिडी सोडा (सेवकराम बिडी पीत नव्हता). कौशल्याबाईनं लोणी पाठवलं. निर्मलाबाईनं मैनाताईचा पहिला लेख कापून त्याच्या ताटाखाली ठेवला आणि म्हणाली, "अजी, येवढं वाचा. बाई मोठी समजदार हाये." आपलाच लेख, आपल्याच ओठांसाठी, आपल्याच बायकोच्या शिफारशीनं त्यानं वाचला. त्यात व्याकरणाच्या दोन चुका सापडल्या आणि त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

जावक क्रमांक एक, आवक क्रमांक एक

चौकशीची सुरुवात संपादकाला पत्र पाठवून करायची असते. सेवकरामनं साहेबांच्या सहीचं पत्र तयार केलं आणि स्वतःच छापखान्यात नेऊन दिलं. धनीरामनं वाचलं.

"मंग आता उत्तर कोण देणार?"

"तुमी. संपादक तुमी हाये ना."

"मले सरकारी भाषा येते का? तुमीच लिहा जी. तुमची भाषा कशी कडक हाये."

म्हणजे पत्र सेवकरामचं, उत्तर सेवकरामचं. अक्षर ओळखलं जाईल या भीतीनं उत्तर त्यानं डाव्या हातानं लिहिलं: "मैनाताई यांचा पत्ता आमचेकडे नाही. मजकूर टपालाने येतो." साहेबांनी ते उजेडात धरलं.

"किती अडाणी अक्षर आहे! आणि हा माणूस संपादक?"

सेवकरामला धनीरामची बाजू घ्यावीशी वाटली. त्यानं ओठ चाटले.

"टपालानं येतो ना? मग पाकीट मागवा. शिक्का कुठल्या गावचा ते पाहू."

पाकीट नव्हतंच. ते आता तयार करायचं होतं. सेवकरामनं विचार केला की शिक्का जितका लांबचा, तितके आपण सुरक्षित. रविवारी तो एस.टी.नं तुमसरला गेला, तिथून मिळेल त्या गाडीनं थेट आंबागडच्या किल्ल्याखाली, आणि तिथल्या पेटीत मैनाताईचं पाकीट टाकून परत आला. सबंध दिवस गेला. निर्मलाबाईला सांगितलं होतं की जंगलाची पाहणी आहे. तिनं भाकरी बांधून दिली आणि डोक्याला रुमाल बांधायला सांगितलं. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला अशी बांधून दिलेली भाकरी फार जड जाते. त्यानं ती किल्ल्याच्या पायथ्याशी एका कुत्र्याला घातली आणि घरी येऊन भुकेनं तळमळत राहिला.

तीन दिवसांनी पाकीट 'दवंडी'मार्फत साहेबांच्या टेबलावर आलं. शिक्का ठसठशीत.

"आंबागड!" साहेब उभेच राहिले. "लांजेवार, पाहिलंत? बाई जंगलाच्या कडेची आहे! म्हणजे चिथावणी नाही ही. टोळी आहे!"

हे सेवकरामच्या डोक्यातच आलं नव्हतं. आपण नसलेल्या बाईला गाव दिलं होतं. आता साहेबांनी तिला टोळी दिली.

इश्वर गार्ड

इश्वर गार्ड आज्ञाधारक माणूस होता. आंबागडला पाठवला तर गेला, तीन दिवस फिरला, मैना नावाच्या तीन बाया शोधून काढल्या. एक ऐंशी वर्षांची, एक दोन वर्षांची आणि एक शेळी. तिघींचे केस सरळ.

"मग आता डोकीच तपासा," साहेब म्हणाले. "जिथं डोक्यावर पान दिसेल, तिथं पंचनामा. पुरावा आला की बाई आपोआप समोर येईल."

इश्वर निघाला, आणि त्याला फार लांब जावंच लागलं नाही. कचेरीमागच्या गल्लीत, सेवकराम लांजेवारच्या अंगणात, भर दुपारच्या उन्हात निर्मलाबाई पाटावर बसली होती. पंचनामा असा:

"समक्ष पाहता सौ. निर्मलाबाई सेवकराम लांजेवार, वय अंदाजे तीस, हिचे डोक्यावर तेंदूच्या पानाच्या सुरळ्या नग अठरा मिळून आल्या. पाने ओली. सूत पांढरे. डोक्यास जवसाचा वास. सुरळ्या सोडताना सदर महिलेने गार्डचे हातावर फणी मारली. पाने नग अठरा जप्त केली. केस जप्त केले नाहीत. पंच म्हणून शेजारीण कौशल्याबाई हजर. तिचे डोक्यावरही सुरळ्या होत्या, परंतु ती पंच असल्यामुळे मोजल्या नाहीत."

कागद टेबलावर आला तेव्हा सेवकरामनं आधी सवयीनं वर आवक क्रमांक टाकला. मग नाव वाचलं. मग शाईची दौत सांडली.

तो साहेबांकडे धावला. जबाब दुसऱ्या कोणाला घ्यायला सांगा, म्हणाला, हातच जोडले.

"तुमची पत्नी आहे हे मला समजतं," साहेब हळू आवाजात म्हणाले. "म्हणूनच जबाब तुम्हीच घ्या. उद्या कोणी म्हणायला नको की लांजेवारांनी घरचं माणूस पाठीशी घातलं. आणि मैनाताईशी तिचा संबंध काय, हे नीट विचारा. मी आतून ऐकतोय."

साहेबांच्या खोलीचं दार अर्धंच होतं. वरून टोपी दिसायची, खालून बूट.

जबाब

निर्मलाबाई आली ती डोक्यावर पदर न घेता. कचेरीतली टंकयंत्रं थांबली. गार्डनं सुरळ्या अर्धवट वाळल्या असताना सोडल्या होत्या, त्यामुळे डाव्या बाजूला सुंदर, गोल, चकचकीत वळणं पडली होती, आणि उजवी बाजू सगळी उभी राहिली होती.

"पदर घे ना व," सेवकराम कुजबुजला.

"काहून? पुरावा हाये म्हणते ना तुमचा गार्ड? दिसू द्या पुरावा."

ती खुर्चीवर बसली. मागं कौशल्याबाई सूप घेऊनच उभी. इश्वर हाताला फडकं बांधून.

"नाव?"

"तुमाले ठाव नाही?"

"इचारावं लागते."

"मंग लिहा. बारा वर्षांनी इचारून तरी राहिले."

त्यानं लिहिलं. 

"पानं... कोठून आणली?"

"कौशल्याबाईच्या सुपातली. सेठच्या घरून बिडीसाठी पान येते, ते हे बाई पत्र्याच्या फर्म्यानं कापते, अना बाजूचं कातरण उरते. रोज चुलीत घालतो आमी ते." ती इश्वरकडे वळली. "का जी गार्डसाहेब, चुलीत जाळलं त गुन्हा नाही, अना डोक्यावर ठेवलं त गुन्हा? हा कोणता कायदा?"

"पण पेपरात कोवळं पान लिवलं हाये," इश्वर म्हणाला.

"लिवलं असन. कोवळं पान थंडीत भेटते का कुठं? ते त उन्हाळ्यात फुटते. लिवणारीले ठाव नसन." मग ती म्हणाली, "जंगलातलं काही ठाव नाही म्हणा तिले."

तेंदूच्या टेबलावर अकरा वर्षं बसलेला सेवकराम मान खाली घालून लिहीत राहिला.

"अना पान सेठचं हाये," कौशल्याबाईनं सूप पुढं केलं. "पासाचं. तुमच्याच खात्यानं पैसे घेऊन दिलं. पाह्यजे त सेठकडून पास आणून दाखवतो."

अर्ध्या दारामागचे बूट हलले. साहेब बाहेर आले. त्यांनी सुपातलं कातरण उचललं, निरखलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक वेगळीच सुटका दिसली.

"कातरण? पासाच्या पानांचं?" ते म्हणाले. "म्हणजे गुन्हाच होत नाही." आणि मग, स्वतःशी बोलावं तसं: "आमच्याकडेही कातरणच असणार मग. विचारतो घरी." लगेच त्यांना आपण कुठं उभे आहोत ते आठवलं. "पण मैनाताईचा प्रश्न राहतोच. विचारा, लांजेवार."

सेवकरामनं ओठ चाटले. मग तो म्हणाला, "साक्षीदार मैनाताई नावाच्या बाईस ओळखते काय?"

निर्मलाबाईनं डाव्या बाजूची एक बट बोटावर घेतली आणि सोडली. ती पुन्हा गोल झाली.

"लिहा," ती म्हणाली. "त्या लेखात शेवटी चार ओळी होत्या. मले पाठ हायेत. 'काही जणींच्या डाव्या कानामागे एक बट अशी असते की ती वेणीत राहत नाही. तिला दाबू नका. सगळे डोके शिस्तीत बसलेले असताना ती एकटी बाहेर येऊन बघत असते. सकाळी ती दिसली की दिवस बरा जातो.'"

लेख चार ओळींनी कमी पडत होता. धनीराम म्हणाला होता, भरून द्या जी काहीतरी. सेवकरामनं खिळ्यांच्या पेटीवर कागद ठेवून, उभ्या उभ्या, विचार न करता त्या भरल्या होत्या.

"आता हे सांगा," निर्मलाबाई म्हणाली. ती त्याच्याकडेच पाहत होती. "मी घराबाहेर डोकं उघडं ठेवत नाही. त्या कानामागचं मलेही आरशात दिसत नाही. मले अशी बट हाये, हे मले पेपर वाचून समजलं, मंग हात लावून पाह्यला. अना हे मैनाताई, कुठची कोण, गार्ड म्हणते आंबागडची, तिले कशी दिसली?"

 सेवकरामच्या ओठातून रक्ताचा थेंब आला आणि जबाबाच्या कागदावर, 'साक्षीदार' या शब्दाशेजारी पडला.

"अंतर्ज्ञानी असन बाई," इश्वर गार्ड आदरानं म्हणाला.

"असन," निर्मलाबाई म्हणाली.

सेवकरामनं डोळे मिटले. आता ती बोलेल. आता नाव येईल. त्यानं टाक घट्ट धरला, कारण आलं तर ते त्यालाच लिहायचं होतं.

"लिहा. मी त्या बाईले ओळखत नाही."

त्यानं डोळे उघडले.

"लिवलं? आता पुढं लिहा. पण कधी भेटली, त मी तिले इचारीन. का बाई, पेपरात इतकं लिवता येते तुले, साऱ्या जिल्ह्याले सांगता येते, मंग तोंडानं काहून नाही बोलता येत? बारा वर्षं काय जीभ कचेरीत ठेवून घरी येत होतीस?"

"कचेरीत?" साहेबांनी विचारलं.

"शेतात म्हणा. कुठं जात असन तिथं."

सेवकरामनं लिहिलं. बोलणं सरकारी भाषेत उतरवायची त्याच्या हाताला सवय होती, आणि हात आपलं काम करत राहिला: "सदर बाई भेटल्यास तिने हे तोंडी का सांगितले नाही, असे विचारण्याची साक्षीदाराची इच्छा आहे."

"ठीक," साहेब म्हणाले. त्यांनी फाईल ओढून लाल शाईत लिहिलं: "पाने पासाची. गुन्हा नाही. मैनाताईचा ठावठिकाणा लागत नाही. प्रकरण बंद." मग ते परत वळता वळता थांबले. "लांजेवार, जबाब वाचून दाखवा आणि सही घ्या."

"तिनंच सांगितला साहेब. तिले माहीत हाये."

"नियम आहे. साक्षीदाराला वाचून दाखवायचा, मोठ्यानं, पंचांना ऐकू येईल असा. सुरुवातीपासून."

अकरा वर्षांत सेवकरामनं शेकडो जबाब वाचून दाखवले होते, सगळे एका दमात, माशा हाकलाव्यात तसे. तो उभा राहिला. नाव वाचलं. वय वाचलं. कातरण, सूप, सेठ, पास वाचलं. मग त्या चार ओळी आल्या. कागदाआडून तो एवढंच पुटपुटला: "...बट वेणीत राहत नाही... दिसली की दिवस बरा..."

"आयकू नाही आलं," निर्मलाबाई म्हणाली.

"मलेही नाही," कौशल्याबाई म्हणाली. "मी पंच हावो."

त्यानं पुन्हा वाचलं. थोडं मोठ्यानं. फुटलेला ओठ प्रत्येक शब्दाला ताणला जात होता. टंकयंत्रावरचे दोघं बाबू माना वळवून पाहत होते. शिपाई दारात चहा घेऊन उभा होता. साहेबांनी 'हूं' केलं.

"समजलं नाही बराबर," निर्मलाबाई म्हणाली. तिचा आवाज आता तितका कडक नव्हता. "सरकारी वाटते. पुन्हा एकदा."

सेवकरामनं कागदाकडे पाहिलं. अक्षरं हलत होती. त्यानं कागद खाली केला. समोर निर्मलाबाई होती, एका बाजूला गोल, एका बाजूला उभी, आणि जिथं ती कधीच आरशात पाहू शकत नव्हती, तिथं ती बट बाहेर आली होती. भीती अजून होतीच.  पण तोंड उघडलं. कागद न बघता, भंडाऱ्याकडच्या आपल्या रोजच्या झाडी बोलीत, तो म्हणाला:

"तुह्या डाव्या कानामागं एक बट हाये. ते वेणीत राहत नाही. सकाळी मले ते दिसली, का माहा दिवस बरा जाते."

 साहेबांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. हे वाक्य कागदावर असं नाही, हे इश्वरच्या लक्षात आलं असावं. तो काही म्हणणार, इतक्यात कौशल्याबाईनं त्याच्या फडकं बांधलेल्या हातावर सूप ठेवलं.

निर्मलाबाईनं टेबलावरचा टाक उचलला, दौतीत बुडवला, आणि सावकाश, एकेक अक्षर वळवत, जबाबाखाली सही केली.

"आता बराबर हाये," ती म्हणाली. "माह्या सांगण्याप्रमाणे."